‘वलंदेज’ ते ‘डच’ : एका राष्ट्राच्या नावांचा ऐतिहासिक मागोवा

गोषवारा

ज्या लोकांना आज आपण ‘डच’ म्हणतो, त्यांना व त्यांच्या देशाला इतिहासात अनेक नावे मिळाली. त्यांतील काही त्यांनी स्वतः धारण केली, तर काही शेजाऱ्यांनी, शत्रूंनी आणि व्यापारातील प्रतिस्पर्ध्यांनी दिली. प्रस्तुत लेखात ‘डच’, ‘नेदरलँड्स’, ‘हॉलंड’, ‘बटाव्हिया’ व ‘बेल्जिका’ या नावांची उत्पत्ती पाहून त्यांच्या संदर्भात मराठीतील ‘वलंदेज’ या जुन्या शब्दाचे स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे. एखाद्या समाजाचे परभाषेतील नाव हे त्या समाजाच्या वर्णनापेक्षा नाव देणाऱ्याशी आलेल्या संबंधाचा पुरावा असते, आणि म्हणून इतिहासलेखकाने ते साधन म्हणून वाचले पाहिजे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजशब्द : वलंदेज, डच, हॉलंड, नेदरलँड्स, टोपीकर, आज्ञापत्र, वेंगुर्ले.

प्रस्तावना

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ‘आज्ञापत्रा’त साहुकारांविषयीचे एक प्रकरण आहे. त्यात व्यापाराच्या निमित्ताने आलेल्या टोपीकरांपासून राज्याने कसे सावध राहावे याचे विवेचन येते आणि त्या टोपीकरांची नावेही येतात : फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार. राजनीतीच्या दृष्टीने या प्रकरणाचा अभ्यास मराठीत पुष्कळ झाला आहे. या पाच नावांकडे मात्र नावे म्हणून फारसे लक्ष दिले जात नाही. आधुनिक वाचकांसाठी अर्थ देताना फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच आणि डिंगमार म्हणजे डेन असे समीकरण मांडून आपण पुढे जातो.

हे समीकरण चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. ‘वलंदेज’ या शब्दाच्या जागी ‘डच’ हा शब्द ठेवला की व्यक्तींची ओळख तीच राहते, पण ती ओळख मराठी समाजाला कोणाकडून झाली याचा पुरावा नाहीसा होतो. शिवाय ‘डच’ हा शब्दही तटस्थ नाही; त्याचा स्वतःचा सुमारे बाराशे वर्षांचा गुंतागुंतीचा इतिहास आहे. म्हणून प्रथम युरोपातील नावांचा विचार करून नंतर मराठीकडे वळणे योग्य ठरेल.

१. ‘डच’ : लोकभाषेचे नाव

‘डच’ या शब्दाचे मूळ प्राचीन जर्मॅनिक भाषेतील ‘थेउडो’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ ‘लोक’ किंवा ‘जनसमूह’. त्यावरून बनलेल्या विशेषणाचा अर्थ ‘लोकांचे’, ‘लोकांमधील’ असा होता. या विशेषणाचे ‘थेओडिस्कुस’ हे लॅटिन रूप इ. स. ७८६ मध्ये, इंग्लंडमधील धर्मसभांविषयी पोप पहिला एड्रियन यास पाठविलेल्या अहवालात आढळते. सभेतील निर्णय लॅटिनमध्ये आणि लोकांना कळेल अशा भाषेतही वाचून दाखविले, असा तेथील संदर्भ आहे. इ. स. ८१३ मध्ये तूर येथील धर्मसभेने प्रवचने लोकांच्या रोमान्स अथवा जर्मॅनिक बोलीत करावीत असा निर्णय घेतला, तेथेही जर्मॅनिक बोलीसाठी हाच शब्द आला. इ. स. ८४२ मधील स्ट्रासबूर्गच्या शपथांच्या वृत्तांतातही तो येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हा शब्द आरंभी कोणत्याही एका राष्ट्राचे वा वंशाचे नाव नव्हता. धर्मपीठाच्या व विद्वानांच्या लॅटिन भाषेहून वेगळी अशी सामान्यजनांची भाषा, एवढाच त्याचा आशय होता. संस्कृतच्या तुलनेत ‘प्राकृत’ किंवा ‘देशी’ या शब्दांनी आपल्याकडे जो भेद दर्शविला जाई, त्याच्याशी याचे साम्य आहे.

पुढे प्रदेशपरत्वे या शब्दाची रूपे वेगळी झाली. आजच्या जर्मनीत ‘डॉइच’ हे रूप स्थिरावले. इटालियन भाषेत ‘तेदेस्को’ म्हणजे जर्मन. ऱ्हाईन, म्यूज आणि शेल्ट या नद्यांच्या मुखाकडील प्रदेशात मध्ययुगात फ्लँडर्सकडे ‘दीत्स’ आणि इतरत्र ‘दूत्स’ अशी रूपे प्रचारात होती. येथील लोक आपल्या भाषेला दीर्घकाळ ‘नेडरडाउट्स’, म्हणजे ‘खालच्या प्रदेशातील लोकभाषा’, असे म्हणत. इ. स. १५८४ मध्ये ॲमस्टरडॅम येथील साहित्यमंडळाने प्रसिद्ध केलेल्या, या भाषेच्या पहिल्या छापील व्याकरणाच्या शीर्षकातही ‘नेडरडाउट्स’ हाच शब्द आहे. दक्षिण आफ्रिकेतील एका मोठ्या प्रॉटेस्टंट चर्चच्या अधिकृत नावात तो आजही टिकून आहे.

इंग्रजांनी हा शब्द समुद्रापलीकडील आपल्या शेजाऱ्यांकडून मध्ययुगाच्या उत्तरार्धात घेतला. तेव्हा इंग्रजीतील ‘डच’ या शब्दात जर्मन व नेदरलँडवासी या दोघांचाही समावेश होता. फरक करावयाचा झाल्यास ‘हाय डच’ व ‘लो डच’ अशी विशेषणे जोडत. सतराव्या शतकात हा अर्थ आकुंचित झाला. इंग्रजांचा व्यापार, मासेमारी, नौकानयन आणि वसाहती या सर्व क्षेत्रांत प्रत्यक्ष संबंध आला तो प्रामुख्याने नेदरलँडच्या लोकांशी. इ. स. १६५२ ते १६७४ या काळात त्यांच्यात तीन सागरी युद्धे झाली. जो शेजारी रोज समोर येत होता, त्याच्याकडेच हे नाव गेले. जुना व्यापक अर्थ अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात मात्र टिकून राहिला. तेथील ‘पेन्सिल्व्हेनिया डच’ हे अठराव्या शतकात आलेल्या जर्मनभाषक स्थलांतरितांचे वंशज होत.

येथे एक विसंगती लक्षात येते. आज डच लोक स्वतःला ‘डच’ म्हणत नाहीत. त्यांच्या भाषेतील ‘डाउट्स’ या शब्दाचा आजचा अर्थ ‘जर्मन’ असा आहे, आणि आपल्या भाषेला ते ‘नेडरलान्ड्स’ म्हणतात. इ. स. १५७० च्या सुमारास रचलेले व इ. स. १९३२ मध्ये अधिकृत झालेले त्यांचे राष्ट्रगीत या जुन्या अर्थाचा साक्षीदार आहे. त्यात नायक विल्यम ऑफ ऑरेंज याच्या रक्ताचे वर्णन ‘डाउट्स’ या शब्दाच्या तत्कालीन रूपाने केले आहे. आजच्या अर्थाने तो वाचल्यास राष्ट्रगीताचा नायक जर्मन असल्याचा भास होतो. त्या काळच्या अर्थाने मात्र तो लोकभाषा बोलणाऱ्या समाजाचा ठरतो.

२. ‘नेदरलँड्स’ : सखल प्रदेश

‘नेदरलँड्स’ या नावाचा अर्थ ‘सखल प्रदेश’ असा आहे आणि तो भूगोलाशी सुसंगत आहे. या देशाची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे. परंतु या नावामागे भूगोलाइतकेच राज्यकारभाराचे स्थानही आहे. रोमन साम्राज्यात ऱ्हाईन नदीच्या खालच्या प्रवाहाकडील प्रांतास ‘जर्मानिया इन्फेरिओर’ व वरच्या प्रवाहाकडील प्रांतास ‘जर्मानिया सुपेरिओर’ अशी नावे होती. ‘खालचा’ आणि ‘वरचा’ हा भेद नदीच्या प्रवाहावरून केलेला होता.

पंधराव्या शतकात हा प्रदेश बर्गंडीच्या ड्यूक घराण्याकडे आला. या घराण्याची भूमी दोन भागांत विभागलेली होती. दरबार उत्तरेत असताना तेथील फ्रेंच भाषेत उत्तरेकडील प्रांतांना ‘इकडचे प्रदेश’ आणि मूळ बर्गंडीला ‘पलीकडचे प्रदेश’ असे म्हटले जाई. स्वतंत्र हक्क व परंपरा असलेल्या अनेक परगण्यांना एकत्र बांधणारे सर्वमान्य नाव तेव्हा रूढ नव्हते, हे यावरून दिसते. इ. स. १५४९ मध्ये पाचव्या चार्ल्सने राजाज्ञेद्वारे सतरा प्रांतांचा वारसा अविभाज्य ठरविला. ‘नेदरलँड्स’ हे अनेकवचन या अनेक प्रांतांचे द्योतक आहे. फ्रेंच व स्पॅनिश भाषांतील नावेही ‘सखल देश’ याच अर्थाची व अनेकवचनीच आहेत.

इ. स. १५६८ मध्ये स्पेनच्या राजसत्तेविरुद्ध युद्ध सुरू झाले. इ. स. १५७९ च्या युट्रेख्ट येथील करारानंतर उत्तरेकडील प्रांतांचा संघ आकारास आला. इ. स. १५८१ मध्ये त्यांनी दुसऱ्या फिलिपची सत्ता नाकारली. इ. स. १६४८ च्या म्युन्स्टर येथील तहाने सात संयुक्त प्रांतांच्या प्रजासत्ताकास मान्यता मिळाली. दक्षिणेकडील प्रांत स्पेनच्या अंमलाखाली राहिले. पूर्वी सर्वांचे असलेले नाव या फाळणीनंतर क्रमाने उत्तरेकडे गेले.

३. ‘हॉलंड’ : अंशाने व्यापलेला पूर्ण

‘हॉलंड’ हे मुळात एका प्रांताचे नाव होय. ‘होल्टलांट’ म्हणजे झाडीचा प्रदेश. हार्लेम शहराच्या परिसरास हे नाव होते आणि पुढे ते संपूर्ण परगण्याला मिळाले. इ. स. ११०१ मधील एका दस्तऐवजात दुसरा फ्लोरिस याचा उल्लेख ‘हॉलंडचा काउंट’ असा येतो. ‘हॉलंड’ म्हणजे ‘पोकळ भूमी’ ही प्रचलित व्युत्पत्ती ध्वनिसाम्यावर आधारलेली असून ती ग्राह्य मानली जात नाही.

सतराव्या शतकात सातही प्रांत कायद्याने समान होते, पण सामर्थ्याने नव्हते. संघाच्या खर्चापैकी सुमारे ५८ टक्के वाटा एकटा हॉलंड प्रांत उचलीत असे. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, डेल्फ्ट, लायडेन ही शहरे याच प्रांतातील. इ. स. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी पाच शाखा हॉलंडमध्ये व एक झीलंड प्रांतात होती. परदेशी बंदरांत उतरणारे जहाज बहुधा हॉलंडचे असल्यामुळे परकीयांनी अंशाचे नाव पूर्णास दिले, यात नवल नाही.

ही प्रक्रिया आपल्या परिचयाची आहे. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांच्या नावावरून भारतात ‘योन’, ‘यवन’ हे शब्द सर्व ग्रीकांना लावले गेले. कार्ले व नाशिक येथील लेण्यांतील दानलेखांत ‘यवन’ व ‘योनक’ दात्यांचे उल्लेख आहेत. पुढे हाच शब्द पश्चिमेकडून आलेल्या सर्व परकीयांसाठी आणि कालांतराने मुसलमानांसाठी वापरला गेला. शब्द तोच राहून त्याखालील माणसे बदलली. शिलालेखातील ‘यवन’ आणि बखरीतील ‘यवन’ एकच मानल्यास जो अनर्थ होईल, तसाच प्रकार ‘हॉलंड’ या नावाबाबत घडू शकतो.

इ. स. १८०६ ते १८१० या अल्पकाळात नेपोलियनचा भाऊ लुई याच्या राजवटीत ‘हॉलंडचे राज्य’ हे संपूर्ण देशाचे अधिकृत नाव होते. इ. स. १८१५ पासून ‘नेदरलँड्सचे राज्य’ हे नाव प्रचारात आले. इ. स. १८४० मध्ये हॉलंड प्रांताचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग करण्यात आले. आज देशात बारा प्रांत असून त्यांतील केवळ दोहोंच्या नावात ‘हॉलंड’ आहे. इ. स. २०२० पासून डच शासनाने आंतरराष्ट्रीय प्रसिद्धीत ‘हॉलंड’ऐवजी ‘नेदरलँड्स’ हेच नाव वापरण्याचे धोरण स्वीकारले.

४. विद्वानांची नावे : ‘बटाव्हिया’ आणि ‘बेल्जिका’

सोळाव्या शतकातील मानवतावादी विद्वानांनी प्राचीन लॅटिन ग्रंथांतून दोन नावे पुन्हा प्रचारात आणली. रोमन इतिहासकार टॅसिटसने ऱ्हाईनच्या मुखाजवळ राहणाऱ्या ‘बटाव्ही’ या जमातीचे आणि त्यांनी इ. स. ६९-७० मध्ये रोमविरुद्ध केलेल्या उठावाचे वर्णन केले आहे. स्पेनविरुद्ध लढणाऱ्या समाजास हा वारसा प्रेरक वाटला. विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियसने इ. स. १६१० मध्ये बटाव्हियन प्रजासत्ताकाच्या प्राचीनत्वावर ग्रंथ लिहून समकालीन राज्यव्यवस्थेला प्राचीन परंपरेचा आधार दिला. इ. स. १६१९ मध्ये जावा बेटावर वसविलेल्या कंपनीच्या आशियाई राजधानीस ‘बटाव्हिया’ हेच नाव मिळाले; तीच आजची जकार्ता. इ. स. १७९५ मध्ये जुने प्रजासत्ताक कोसळल्यावर स्थापन झालेल्या राज्यानेही ‘बटाव्हियन प्रजासत्ताक’ असे नाव घेतले.

‘बेल्जिका’ हे नाव सीझरच्या काळातील बेल्गे जमातींवरून आलेले आहे. लॅटिनमध्ये लिहिताना सर्व सतरा प्रांतांसाठी ते वापरीत. इ. स. १५८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नकाशात हे सतराही प्रांत एका सिंहाच्या आकृतीत बसविले होते आणि त्यास ‘लिओ बेल्जिकस’ म्हणजे ‘बेल्जियन सिंह’ असे नाव पडले. इ. स. १८३० मध्ये दक्षिणेकडील प्रांत स्वतंत्र झाले तेव्हा ‘बेल्जियम’ हे नाव त्यांच्याकडे गेले. एकेकाळी समानार्थी असलेली दोन नावे अशा रीतीने दोन राष्ट्रांची झाली.

५. ‘वलंदेज’ : कोकण किनाऱ्यावरील नाव

आता मराठीकडे वळू. इ. स. १५८० ते १६४० या काळात स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. त्यामुळे स्पेनविरुद्ध उठलेले प्रांत हे गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचेही शत्रू ठरले. त्यापूर्वी या प्रदेशातील व्यक्ती गोव्यात अपरिचित होत्या असे नाही. हार्लेम येथे जन्मलेला यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन हा इ. स. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या सेवेत होता. इ. स. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथाने पूर्वेकडील सागरी मार्गांची माहिती त्याच्या देशबांधवांना दिली. पुढे याच देशबांधवांची जहाजे गोव्याची नाकेबंदी करू लागली.

आदिलशाहीच्या परवानगीने कंपनीने इ. स. १६३७ मध्ये वेंगुर्ले येथे वखार घातली. गोव्याच्या उत्तरेस नजीक असलेले हे बंदर नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद पुरविण्यास सोयीचे होते. येथूनच पुढे शिवाजी महाराजांच्या हालचालींची वार्तापत्रे बटाव्हियाकडे जात राहिली आणि आज ती मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हणून उपयोगी पडतात. त्या दप्तरांत वेंगुर्ल्याचे ‘विंगुर्ला’ झाले, तर मराठी कागदांत त्या लोकांचे ‘वलंदेज’ झाले.

‘वलंदेज’ हे पोर्तुगीज भाषेतील ‘ओलांदेस’ या शब्दाचे मराठी रूप होय. पोर्तुगीजमध्ये लेखनातील आरंभीचा हकार उच्चारला जात नाही. आरंभीच्या ‘ओ’चा ‘व’ झाला आणि अंत्य ‘एस’चा ‘एज’. हाच बदल ‘इंग्लेस’पासून बनलेल्या ‘इंग्रज’ या शब्दात दिसतो. फारसी व हिंदुस्तानी लेखनातही ‘वलंदेज’शी मिळतीजुळती रूपे येतात, म्हणजे शब्दाच्या प्रवासाची वाट एकच नव्हती, उगम मात्र पोर्तुगीजच होता. आशियाच्या इतर किनाऱ्यांवरही हेच घडले. मलयमधील ‘बलांदा’, सिंहलीतील ‘लंदेसी’ आणि जपानीतील ‘ओरांदा’ ही सर्व पोर्तुगीज शब्दाचीच रूपांतरे आहेत. आशियातील बहुतेक समाजांनी डचांना प्रथम ओळखले ते त्यांच्या शत्रूने दिलेल्या नावाने.

या दृष्टीने ‘आज्ञापत्रा’तील यादी पुन्हा वाचावी. ‘फिरंगी’ हा शब्द ‘फ्रँक’ या नावापासून अरबी-फारसीमार्गे आला. पोर्तुगीज येण्यापूर्वीच तो पश्चिम आशियात रूढ होता. सागरी मार्गाने प्रथम पोर्तुगीज आले म्हणून त्यांना तो मिळाला. ‘फरासीस’ हे रूपही फारसी वळणाचे आहे. परंतु ‘इंग्रज’ व ‘वलंदेज’ ही दोन्ही नावे पोर्तुगीजांच्या मुखातून आलेली आहेत, आणि ‘डिंगमार’मध्ये ‘दिनामार्का’ या पोर्तुगीज देशनामाची छाया स्पष्ट आहे. एका ओळीतील या यादीत पश्चिमेची ओळख करून देणारी दोन दारे दिसतात : एक खुष्कीचे व अरबी समुद्राचे जुने दार, दुसरे गोव्याचे.

या नावांनी दर्शविलेल्या समूहाची व्याप्तीही लक्षात घ्यावी लागते. कंपनीच्या नोकरीत जर्मन व स्कँडिनेव्हियन लोक मोठ्या संख्येने होते. त्यामुळे मराठी कागदातील ‘वलंदेज’ हा जन्माने हॉलंडचाच असेल असे गृहीत धरता येत नाही. कंपनीच्या निशाणाखाली वावरणारा तो वलंदेज, असाच त्याचा व्यवहारातील अर्थ घेणे सयुक्तिक ठरते.

६. ब्रिटिश काळातील नामांतर

एकोणिसाव्या शतकात मराठी शिक्षण, पाठ्यपुस्तके व इतिहासलेखन इंग्रजी ग्रंथांच्या आधाराने घडले. त्या ओघात फिरंग्यांचे पोर्तुगीज, फरासिसांचे फ्रेंच, डिंगमारांचे डेन आणि वलंदेजांचे डच झाले. या यादीत केवळ ‘इंग्रज’ हा शब्द न बदलता टिकला. इंग्रजी भाषेने मराठीतील इतर युरोपीयांची नावे बदलली, पण खुद्द इंग्रजांचे मराठी नाव आजही पोर्तुगीजांनी दिलेलेच आहे. दैनंदिन वापरात मुरलेला शब्द ग्रंथव्यवहाराने सहज हलत नाही. वलंदेजांशी संबंध संपला होता म्हणून त्यांचे नाव बदलणे सोपे गेले. वेंगुर्ल्याच्या वखारीचे अवशेषही आज ‘डच वखार’ या नावानेच ओळखले जातात.

समारोप

वरील विवेचनातून इतिहासाच्या अध्यापन व संशोधनाच्या दृष्टीने तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, मूळ मराठी साधनांचे संपादन करताना ‘वलंदेज’, ‘डिंगमार’, ‘फरासीस’ हे शब्द संहितेत तसेच ठेवावेत आणि आधुनिक पर्याय टिपेत द्यावेत. शब्द बदलल्यास मध्यस्थाचा पुरावा नष्ट होतो. दुसरी, सतराव्या शतकापूर्वीच्या इंग्रजी साधनांतील ‘डच’ या शब्दाचा अर्थ संदर्भ तपासल्याशिवाय ‘नेदरलँडवासी’ असा करू नये; तेथे जर्मन व्यक्ती अभिप्रेत असू शकते. तिसरी, ‘हॉलंडने स्पेनविरुद्ध बंड केले’ यांसारखी पाठ्यपुस्तकी विधाने टाळावीत. त्या संघर्षात फ्लँडर्स, ब्राबांट व झीलंड यांचा वाटा मोठा होता, आणि हॉलंडचे नाव सर्वांना दिल्याने ज्या दक्षिणेकडील प्रांतांत लढा पराभूत झाला त्यांचा इतिहासच दृष्टिआड होतो.

ज्या लोकांचा हा विचार आहे ते स्वतःला ‘डच’ म्हणत नाहीत, ‘वलंदेज’ तर नव्हेच. त्यांच्या दृष्टीने ही दोन्ही नावे परक्यांची आहेत. आपल्या दृष्टीने मात्र त्या दोहोंत फरक आहे. एका नावात गोव्याच्या पोर्तुगीजांशी आलेला संबंध नोंदला गेला आहे, तर दुसऱ्यात इंग्रजी शिक्षणाचा प्रभाव. दोन्ही शब्द डचांविषयी थोडे आणि मराठी समाजाच्या बाह्य जगाशी आलेल्या संपर्काविषयी अधिक सांगतात. साधन म्हणून त्यांचे मूल्य यातच आहे.